‘मराठी डोक्यातून काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. दहावीच्या मुलांना इंग्रजीतले क्लॉज, म्हणजे वाक्यातली उपवाक्ये, झटपट ओळखता यावेत म्हणून त्यात पाच सूत्रे दिली आहेत. कर्ता आणि क्रियापद दिसले की क्लॉज स्वतंत्र. वाक्यातला मोठा भाग मुख्य, छोटा तो गौण. ‘बिकॉज’ने वाक्य कधीच सुरू करायचे नाही. वाचताना थांबाल तिथे स्वल्पविराम. आणि शेवटचे, मराठीत असला प्रकारच नसतो, तेव्हा इंग्रजी लिहिताना मराठी डोक्यातून काढून टाका.

मी नौपाड्यात इंग्रजीची शिकवणी घेते. माझ्याकडच्या तीन मुलांनी ही सूत्रे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून आणली. पाचही चुकीची आहेत, आणि शेवटचे तर मुलांचे नुकसान करणारे आहे.

पहिल्यापासून पाहू. कर्ता आणि क्रियापद तर प्रत्येक क्लॉजमध्ये असतेच, म्हणून तर त्याला क्लॉज म्हणायचे. ‘द ट्रेन वॉज लेट’ हे वाक्य आपल्या पायावर उभे आहे. त्याच्या आधी फक्त ‘बिकॉज’ लावा: ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट’. कर्ता तोच, क्रियापद तेच, पण आता ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. गाडी उशिरा आली म्हणून काय झाले? ‘बिकॉज’, ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ऑल्दो’ असा शब्द आधी लागला की वाक्य परावलंबी, म्हणजेच गौण होते. बघायचे ते त्या जोडशब्दाकडे. ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ यांचे काम वेगळे. ते दोन स्वतंत्र वाक्ये शेजारी शेजारी बसवतात आणि दोन्ही स्वतंत्रच राहतात.

मोठा-छोटा हा निकष एका वाक्यात कोसळतो. ‘आय थिंक दॅट द ट्रेन दॅट गोज टू पनवेल हॅज ऑलरेडी लेफ्ट.’ इथे मुख्य कर्ता आणि क्रियापद ‘आय थिंक’, फक्त दोन शब्द. पुढचे सगळे लांबलचक प्रकरण ‘थिंक’चे कर्म आहे, आणि त्याच्या पोटात ‘पनवेलला जाणारी’ हे सांगणारा आणखी एक गौण क्लॉज. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचे, असेही त्या मेसेजमध्ये सुचवले आहे. इथला गौण भाग काढून बघा, वाक्यात काय उरते ते.

‘बिकॉज’ची बंदी मुळात लहान मुलांनी अर्धे वाक्य लिहून पूर्णविराम देऊ नये म्हणून घातली जाते. तेवढ्यापुरती ती समजू शकते. पण ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी वेटेड ॲट ठाणे स्टेशन’ हे निर्दोष इंग्रजी आहे. गौण क्लॉज आधी आला की त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यायचा, नंतर आला तर बहुधा लागत नाही.

स्वल्पविराम श्वासावर सोडला तर अर्थही बदलतो. ‘माय ब्रदर, हू लिव्हज इन वाशी, इज अ नर्स’ म्हटले तर मला भाऊ एकच, तो वाशीला राहतो ही जादा माहिती. दोन्ही स्वल्पविराम काढले तर भाऊ अनेक, त्यातला वाशीचा तो नर्स. आणि ‘द ट्रेन वॉज लेट, वी टूक अ बस’ ही तर नेहमीची चूक. दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा ‘सो’ हवा.

आता मराठीविषयी. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्य, प्रधानत्वसूचक (‘पण’सारखी) आणि गौणत्वसूचक (‘जर’सारखी) उभयान्वयी अव्यये, म्हणजे जोडशब्द, हे आपण शाळेच्या मराठी व्याकरणात शिकतोच. मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ सालचे आहे. हा विचार मराठीला नवा नाही. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य म्हणजेच इंग्रजीतले नाऊन, ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब क्लॉज. ज्या मुलाला ‘जर’ आणि ‘पण’ यांतला फरक कळतो, त्याला ‘इफ’ आणि ‘बट’ अर्धे कळलेलेच असतात.

उरलेल्या अर्ध्यात चुका होतात, आणि त्यांचे कारण मराठीतच सापडते. आपल्याकडे जोड्या असतात: जरी–तरी, जर–तर, जो–तो. ‘जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो’ यातला ‘तरी’ मनात धरून मूल लिहिते, ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’. इंग्रजीला यातला एकच चालतो. ‘जो खिडकीत बसला आहे तो माझा भाऊ’ यातला ‘तो’ येतो आणि ‘द बॉय हू इज सिटिंग बाय द विंडो, ही इज माय ब्रदर’ असे होते. ‘ही’ आणि त्याआधीचा स्वल्पविराम दोन्ही नकोत. मराठीतला ‘की’ प्रश्नालाही जसाच्या तसा जोडता येतो: ‘त्याने विचारले की तू कुठे चालला आहेस’. त्यातून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ जन्मते. इंग्रजीत ‘व्हेअर’ हाच जोडशब्द, म्हणून ‘दॅट’ गळतो आणि प्रश्नाचा उलटा क्रम सरळ होतो: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’.

मराठी डोक्यातून काढायला सांगितलेल्या मुलाला हे कधी दिसणारच नाही. माझ्या वर्गात आम्ही वाक्य आधी मराठीत लिहितो, जोडशब्दांना गोल करतो आणि मग इंग्रजीत कोणता ठेवायचा ते ठरवतो. परवा वहीत ती पाच सूत्रे लिहून आणलेल्या मुलीने ‘जरी’ आणि ‘तरी’ला गोल केला, आपल्या इंग्रजी वाक्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मी काही सांगायच्या आत ‘बट’ खोडला.