तीन पिढ्यांचा ठाणेकर

आमच्या जुन्या सोसायटीचा ग्रुप अजून चालू आहे. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन भुईसपाट झाली, निम्मे लोक नौपाड्यातून भाड्याने इकडेतिकडे पांगले, पण ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंग आणि रात्री भांडण नेमाने होतं. मागे घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरून सुरू झालं आणि नेहमीसारखं "हे सगळे बाहेरून येऊन वाट लावतात" वर येऊन थांबलं. त्यात एका काकांनी लिहिलं की ज्यांच्या तीन पिढ्या ठाण्यात झाल्या नाहीत त्यांनी ठाण्याबद्दल मत देऊ नये. धडाधड अंगठे पडले. मी एवढंच विचारलं की काका, ही तीन पिढ्यांची अट आणली कुठून? तर उत्तर, "तुम्ही तर देशच सोडून गेलात, तुम्ही नका बोलू."

सोडून द्यायला हवं होतं, बायको पण म्हणाली की कशाला नादी लागतोस. पण झालं काय, की नेमका त्याच दिवसांत मी इथे अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात, दुसऱ्याच कोणाच्या तरी पिढ्या मोजत बसलो होतो, आणि ते वाक्य डोक्यातून जाईचना.

आमच्या शेजारी एक म्हातारी राहते, रिटायर्ड शिक्षिका. मी मनात तिला आजी म्हणतो आणि तोंडावर पहिल्या नावाने हाक मारतो. तिचे पूर्वज चेक. इथल्याच विल्बर गावच्या बाजूचे, म्हणजे ऑगस्टमध्ये चेक डेजला सगळं गाव लाल स्कर्ट घालून फिरतं तिथले. तिला एवढंच माहीत होतं की पणजोबांचे वडील बोहेमियातून, म्हणजे आत्ताच्या चेक देशातून आले. कसे, कुठल्या रस्त्याने, मधे कुठे थांबले, काही नाही. मी स्नो साफ करायला तिच्या ड्राइव्हवेवर गेलो होतो, तिने कॉफी दिली आणि म्हणाली तू कॉम्प्युटरवाला आहेस ना. इथे प्रत्येक इंडियन कॉम्प्युटरवालाच असतो आणि माझ्या बाबतीत ते खरंही आहे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

बसलो शोधायला, आणि मग असं वेड लागलं की हस्कर्सच्या, म्हणजे इथल्या लाडक्या फुटबॉल टीमच्या मॅचेस बुडाल्या.

१८८० च्या सेन्ससचं पान उघडलं. थोरल्या मुलाचा जन्म बोहेमिया. त्याच्या पाठची मुलगी विस्कॉन्सिन. पुढची दोन पोरं आयोवा. मांडीवरचं तान्हं नेब्रास्का. झालं, वेगळा नकाशा काढायची गरजच नाही, पोरांची वयं आणि जन्मगावं ओळीने वाचली की बिऱ्हाड कुठून कुठे आणि साधारण कुठल्या साली सरकलं ते समोर येतं. १८९० ची सेन्सस मिळत नाही, १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला आग लागली त्यात बरीच गेली, उरलीसुरली सरकारने नंतर नष्ट केली. पण नेब्रास्काने मधे १८८५ मध्ये वेगळी शिरगणती केली होती, तिने निम्मं भोक बुजतं. १९०० च्या पानावर तर कुठल्या साली देशात आलात, नागरिक झालात का, बाईला पोरं किती झाली आणि त्यातली जगली किती, सगळं लिहिलंय. जहाजाचं मात्र अडलं. हॅम्बुर्ग बंदराच्या प्रवासी याद्या १८५० पासूनच्या टिकल्यात आणि त्यात माणसाचं गावसुद्धा असतं, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या. आमचं कुटुंब हॅम्बुर्गच्या यादीत नाही, म्हणजे बहुतेक ब्रेमेनवरून निघालं असणार. आमचं कुटुंब म्हणतोय मी, बघा.

खरा खजिना होमस्टेडच्या फाइलीत. १८६२ चा कायदा, लिंकनने सही केलेला. १६० एकर सरकारी जमीन, सगळी मिळून १८ डॉलर फी, पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, की मालकी तुमची. पहिला अर्ज म्हणून ज्याचा मान आहे तो याच नेब्रास्कातला, बिएट्रिसजवळचा, १ जानेवारी १८६३ चा. आणि पाच वर्षं तुम्ही खरंच राहिलात हे कोण सांगणार, तर दोन साक्षीदार, बहुतेक शेजारचेच. आजीच्या त्या पूर्वजाच्या फाइलीत दोन शेजाऱ्यांनी सांगितलंय की हो, हा इथे राहतो, मातीच्या ढेकळांचं घर आहे, एक दार दोन खिडक्या, विहीर खणलीय, एवढे एकर नांगरले. मला तर वाचताना काकाच आठवले. पाच वर्षं आणि दोन शेजारी, बस! तीन पिढ्या कोणी मागितल्या नाहीत.

आणि या लोकांना आल्याची लाज नाही. चर्चमध्ये, लायब्ररीत, कुठेही भेटा, आम्ही अमुक साली वॅगनमधून आलो हे आधी सांगतील, जितक्या हालात आलो तितका अभिमान जास्त. आपल्याकडे उलटं. आपल्याकडे आम्ही कुठून आलोच नाही, आम्ही इथेच उगवलो, ही मोठेपणाची गोष्ट.

मग मी ग्रुपवर लिहायला म्हणून ठाण्याचाच इतिहास काढला (लिहिलं नाही, पण काढला). १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आत्ताच्या जेलच्या जागी, पाया खणताना शिलाहारांचे ताम्रपट सापडले, अरिकेसरी राजाचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७. ठाण्याला त्या काळी स्थानक म्हणत. आता हजार वर्षांपूर्वीच्या या राजापेक्षा मूळ ठाणेकर कोण असणार? तर हे शिलाहार आपल्या बिरुदात तगरपूरचं नाव मिरवतात. तगर म्हणजे तेर, धाराशिवजवळचं. म्हणजे राजा ठाण्याचा आणि बिरुद मराठवाड्याचं! पुढे बिंब राजा, त्याच्याबरोबर आलेल्या सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी कुळांची यादीच महिकावतीच्या बखरीत आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली ती. कोण कोण आलं याची यादी. इथल्या पायोनियर लोकांच्या याद्यांची एवढी कौतुकं, आपली तर त्याच्या कितीतरी आधीची आहे.

हो, आणि आणखी एक गंमत जी मी इथे पार्टीत हमखास सांगतो. ठाण्याला आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. नेब्रास्का टेरिटरी म्हणून कागदावर आली १८५४ ला. म्हणजे आमच्याकडे लोक बोरीबंदरहून गाडीने ठाण्याला उतरत होते तेव्हा हे राज्य कागदावरसुद्धा नव्हतं. इथल्या लोकांना ते नीट पचत नाही, हसतात आणि विषय बदलतात.

कागदांच्या बाबतीतही आपण इतके काही मागे नाही. फक्त सेन्ससचं दार बंद आहे. आपल्या १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी कोणालाच बघायला मिळत नाहीत, इथे ७२ वर्षांनी उघडतात, १९५० ची २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडली. पण सातबारा, फेरफार, आठ-अ, शाळेचं जनरल रजिस्टर, गावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्या, केवढं आहे. उपाध्यांच्या वह्यांवरून सांगतो, हरिद्वारच्या वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या उटाहच्या वंशावळी जमवणाऱ्या संस्थेने काढून ठेवलीय, आपण आपली गंगेत डुबकी मारून आलो. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींच्या निमित्ताने जुने मोडीतले कागद बाहेर निघाले आणि एकदम सगळ्यांना कळलं की पणजोबा तहसीलच्या कपाटात बसलेत. तोपर्यंत मोडी वाचणाऱ्याला कोणी चहा विचारत नव्हतं. सरकारी दाखला पाहिजे म्हणून का होईना, पण लोक बघायला लागले.

आता इथपर्यंत माझी बाजू मस्त जमली होती. पाच वर्षं विरुद्ध तीन पिढ्या, अमेरिका मोकळी, काका कोते.

पण ती १६० एकर आली कुठून, हा प्रश्न आजीनेच विचारला, मी नाही. त्या सगळ्या भागात ओटो-मिसूरिया जमातीचे मूळ रहिवासी होते. १८५४ च्या तहाने त्यांची जमीन गेली, बिग ब्लू नदीकाठच्या एका रिझर्वेशनवर आणून ठेवलं, १८८१ मध्ये तिथूनही उचलून आत्ताच्या ओक्लाहोमात पाठवलं. आमच्या शहराला ज्यांचं नाव आहे ते ओमाहा लोक त्याच १८५४ मध्ये सही करून वर उत्तरेला गेले. १८७९ मध्ये याच शहरात पोंका जमातीच्या स्टँडिंग बेअर या म्होरक्याचा खटला चालला, मुलाचं प्रेत पुरायला आपल्या गावी परत चालला होता म्हणून पकडला होता. त्यात कोर्टाला आधी हे ठरवावं लागलं की इंडियन, म्हणजे इथला मूळ रहिवासी, हा कायद्याने माणूस आहे. आहे असं ठरलं, नशीब. त्यांच्या किती पिढ्या झाल्या होत्या तिथे? काकांच्या अटीत पास होणारे तेच एकटे होते आणि तेच बाहेर गेले.

हे वाचताना मला कोपरखैरणे दिसत होतं. धाकटा भाऊ तिथे राहतो, साडेबारा टक्क्याच्या बिल्डिंगमध्ये. मी स्वतः त्याला घर घेताना सांगितलं होतं की टायटल बघ, ओसी बघ. जमीन कोणाची होती ते बघ असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नवी मुंबईसाठी ९५ गावं. १९७० मध्ये सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, भातशेती आणि मिठागरं गेली, १९८४ च्या जानेवारीत जासईला, दास्तान फाट्याला आणि दुसऱ्या दिवशी नवघरला गोळीबार झाला, मिळून पाच जण गेले, तिथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं ते आंदोलन. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यायचं की नाही यावरून वाद झाला तेव्हा आमच्याच ग्रुपवर "आता या लोकांना नावाचं काय पडलंय" असं कोणीतरी लिहिलं होतं. कोणी लिहिलं असेल ओळखा. म्हणजे पिढ्यांची अट नौपाड्याला लागू, खाडीपलीकडे नाही.

आणि मीही काही फार वेगळा नाही, उगाच साळसूद कशाला बनू. आजीच्या पूर्वजाच्या फाइलीत एक कागद आहे, नागरिकत्वाचा. होमस्टेडला तो लागायचाच. त्यात लिहिलंय की मी ऑस्ट्रियाच्या सम्राटावरची निष्ठा कायमची सोडतो. माणसाला लिहितावाचता येत नसावं, सहीच्या जागी फुली आहे. मी पण तसली शपथ घेतली, डाउनटाउनच्या कोर्टात, उजवा हात वर करून, सम्राटाच्या जागी नुसतं परकं राज्य एवढाच फरक. तेव्हा काही वाटलं नव्हतं. पार्किंगचं मीटर संपत आलं होतं आणि पोरीला चीजकेक पाहिजे होता. नंतर पासपोर्ट कॅन्सल करून आला, कोपरा कापलेला, आणि मी तो शर्टांच्या खाली ठेवला, आईला कितीतरी दिवस सांगितलं नाही. ती फुली बघितली त्या रात्री मात्र मी बराच वेळ लॅपटॉप बंद करून बसलो होतो.

त्यामुळे काका "देश सोडून गेलात" म्हणाले तेव्हा राग आला तो ते चुकीचं बोलले म्हणून नव्हे. वाक्य कागदोपत्री बरोबरच आहे. पण तीन पिढ्यांच्या अटीत मी बसतो हो! आजोबा संगमेश्वर तालुक्यातून आले, ठाण्यात गिरणीत लागले, वडील ठाण्यात जन्मले आणि वागळे इस्टेटमध्ये रिटायर झाले, मी सिव्हिल हॉस्पिटलात जन्मलो. आजोबा, वडील, मी. मोजा. अट पूर्ण केलेला माणूस ओमाहात बसलाय आणि काकांनी स्वतः कधीतरी मामलेदारची मिसळ खाताना सांगितलंय की त्यांचे वडील वाईहून आले. म्हणजे त्यांच्या हिशोबाने त्यांच्या घरात त्यांची पोरंच पहिली बोलायला लागणार.

पुरावा काय माझ्याकडे? इथल्या २०२० च्या सेन्ससमध्ये आमच्या घरापुढे एशियन इंडियनच्या चौकोनात खूण आहे. २०९२ मध्ये ती उघडेल तेव्हा ठाण्याचं नाव कुठे दिसणार नाही, जन्मगाव विचारलंच नव्हतं त्यांनी. ठाण्यातलं घर पाडलं. शाळेच्या दाखल्यावर आहे जन्मस्थळ ठाणे, पण तो शोधणाऱ्याला सापडायचा तर आधी माझ्या कपाटात शिरावं लागेल. मग गावच्या चुलतभावाला सांगून आजोबांच्या वेळचा जुना फेरफार काढायला लावला. त्यात आहे. अमुक मयत, वारस अमुक अमुक, आणि वडिलांच्या नावापुढे तलाठ्याच्या तिरक्या अक्षरात "रा. ठाणे". आम्हाला ठाणेकर म्हणणारा सरकारी कागद निघाला तो रत्नागिरी जिल्ह्यात, मी इथे एकटाच मोठ्याने हसलो.

आता वडिलांच्या नावावरची वारस नोंद राहिलीय, तीही यंदा करून टाकू म्हणून चुलतभावाने अर्ज आणला. त्याने फोनवर विचारलं, "दादा, तुझा पत्ता काय टाकू?" मी म्हटलं ठाणे टाक. म्हणाला ठाण्याचा पुरावा दे. ठाण्याचा नाही. ओमाहाचा दिला तर तलाठी भाऊसाहेब परदेशी म्हणून आणखी कागद मागतील आणि मग बसा चकरा मारत, त्यापेक्षा भावाच्या मार्फत दे. तर भावाने लाइट बिलाचा फोटो पाठवलाय आणि सोमवारी मी सरकारदरबारी रा. कोपरखैरणे होणार आहे, जिथे मी सलग दोन आठवडेसुद्धा कधी राहिलेलो नाही.