डुप्लिकेटच की!

वॉर्साच्या जुन्या गावातल्या चौकात मामांनी एका घराच्या भिंतीवर बोटं वाकवून टकटक केलं, कान दिला आणि विचारलं, "हे किती सालचं म्हणालीस?" मामा कोल्हापूरचे. सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यामुळे कुठेही नेलं तरी आधी भिंत बघतात, मग माणसं. मी खरं ते सांगितलं. हा अख्खा चौक १९५३ साली पुन्हा बांधून खुला झाला. त्यांनी त्या पिवळ्या, गुलाबी, हिरव्या घरांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हणजे डुप्लिकेटच की!"

मामी तोवर आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी राहते पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला. (लिहिताना वेगळंच दिसतं, उच्चार असाच. पोलिश स्पेलिंगशी भांडण मी कधीच सोडून दिलंय.) गावाकडून कुणी आलं की ठरलेली फेरी असते: आधी आमचं गाव, मग क्राकूफ, शेवटी वॉर्सा. काय बघायचं, कुठे राहायचं याची उत्तरं आता तोंडपाठ आहेत. पण मामांचा तो शब्द मात्र घेऊन मी घरी आले, कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर रायगड पेटला होता.

झालं असं की कुणीतरी 'रायगड असा दिसत होता' म्हणून एआयवर केलेला व्हिडिओ टाकला. सोनेरी कळस, संगमरवरी फरशी, राजस्थानी झरोके. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले, म्हणजे महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतली जिंजी, जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून असल्या व्हिडिओंना उधाण आलंय. लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, पुन्हा बांधा, होता तस्साच बांधा. दुसरा म्हणतो, दगडाला हात लावाल तर याद राखा. गंमत म्हणजे दोघांचा दाखला एकच: "युरोपात बघा, कसं जपतात!" आणि मग मला टॅग. तू तिथे आहेस, तूच सांग.

तर सांगते. वॉर्साचं जुनं गाव कुणी जपलेलं नाही. जर्मनांविरुद्धचा १९४४ चा उठाव मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने ते घराघराला आग लावून, सुरुंग पेरून पाडलं. शहराच्या ऐतिहासिक भागातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग गेला. आज आपण फोटो काढतो तो लोकांनी पुन्हा उभा केलेला. १९८० मध्ये युनेस्कोने ते यादीत घेतलं तेही जुनं म्हणून नव्हे, इतकं सगळं पुन्हा बांधलं म्हणून. म्हणजे मामा बरोबरच बोलत होते. फक्त इथे डुप्लिकेट असणं कुणी लपवत नाही.

यावर 'पुन्हा बांधा' गटाने टाळ्या वाजवण्याआधी पुढचं ऐकावं. बांधता आलं ते कशामुळे? लोक नेहमी बेलोत्तोच्या चित्रांची गोष्ट सांगतात. अठराव्या शतकात राजाच्या दरबारी असलेला हा इटालियन चित्रकार रस्ते, खिडक्या, गवाक्षं इतकी बारकाईने रंगवून गेला की दोनशे वर्षांनी गवंड्यांच्या कामी आली. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. पण चित्रावरून घर उभं राहत नाही. मामांना हे मी सांगायची गरज नव्हती, त्यांनीच विचारलं, "मापं कुठनं आणली?"

मापं होती. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना युद्धाआधीपासून जुन्या घरांची मोजणी करायला लावत. जिना, कमान, चौकट, सगळ्याचं माप घेऊन रेखाटन. जर्मन अंमलात हे काम चोरून चालू राहिलं. उठावानंतर शहर रिकामं केलं गेलं, तेव्हा वास्तुविशारद यान झाख्वातोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कागदांची बंडलं बाहेर काढली आणि पिओत्रकूफ या गावातल्या मठात लपवली. शहर पडलं, कागद उरले. ते हाताशी होते म्हणून १९४५ नंतर कामाला हात घालता आला. शिवाय त्या घरांतून राहिलेली माणसं जिवंत होती. 'आमच्या जिन्याला डावीकडे वळण होतं' असं सांगणारं कुणीतरी होतं.

तरीही जसंच्या तसं काही झालं नाही. दर्शनी भिंती जुन्यासारख्या, आत नव्या सोयीचे फ्लॅट. मागच्या अंगणात दाटीवाटीने उभ्या असलेल्या खोल्या पुन्हा बांधल्याच नाहीत, घरांना उजेड मिळावा म्हणून. आणि विटा? त्यांतल्या पुष्कळ आमच्या व्रोत्सवाफहून गेल्या. हे शहर १९४५ पर्यंत जर्मन ब्रेस्लाउ होतं. राजधानी उभी करायला इथली पडकी घरं, आणि बोलतात त्यावर विश्वास ठेवायचा तर धड उभी असलेलीसुद्धा, उतरवून मालगाड्या भरल्या गेल्या. एका गावाचा वारसा उभा राहिला तो दुसऱ्या गावाच्या विटांवर. हे वॉर्साच्या माहितीफलकावर शोधावं लागतं. माझ्या घराखालचा दुकानदार न विचारता सांगतो.

आता दुसरी बाजू बघायची तर पोझनानला जावं. तिथल्या चौकात रोज दुपारी बाराला नगरभवनाच्या घड्याळातून दोन बोकड बाहेर येऊन एकमेकांना ढुशा देतात. मामी बेहद्द खूश, व्हिडिओ कोल्हापूरला रवाना. चौकापासून चार पावलांवर टेकाडावर राजवाडा आहे. तो मुळात कसा दिसत होता याची भरवशाची रेखाटनं नव्हती, तरी २०१० नंतर नवा मनोरा चढवून 'पुन्हा' बांधला. गावातले लोक त्याला गार्गामेलचा किल्ला म्हणतात. गार्गामेल म्हणजे स्मर्फांच्या कार्टूनमधला दुष्ट जादूगार. पैसा गेला, वर नावही पडलं.

माझं मत विचाराल तर ते या दोन गावांच्या मधे कुठेतरी नाही, ते सरळ वॉर्साच्या कागदांपाशी आहे. रायगडावर आपल्याकडे काय आहे? जोती आहेत, बाजारपेठेच्या ओट्यांच्या रांगा आहेत, खांबांच्या बैठका आहेत. वरच्या लाकडी मजल्यांचं मोजमाप नाही. त्यावर बांधलं तर तो आपला गार्गामेल होईल, फक्त त्याला तसं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आणि ज्याचं मोजमाप आजही घेता येईल ते आपण रोज पाडतोय. पेठांमधले वाडे जातायत. शनिवारवाड्याच्या आगीला दोनशे वर्षं होत आली म्हणून हळहळायचं, आणि शेजारच्या बोळातला दुमजली वाडा, लाकडी महिरपींसकट, गणपतीआधी साफ. पुण्यात मुलींची पहिली शाळा भरली तो भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत पाडला गेला, तोही स्मारकासाठी. स्मारक हवंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पाडणं आणि स्मारक हे शब्द एका वाक्यात आपल्याला खटकत नाहीत, हे मला इथून फार जाणवतं.

इकडचे लोक फार शहाणे आहेत असंही नाही. वॉर्सात सॅक्सन राजवाडा पुन्हा बांधायचा कायदा २०२१ मध्ये झाला. त्या राजवाड्याच्या उरलेल्या तीन कमानींखाली अज्ञात सैनिकाची समाधी आहे, दिवसरात्र पहारा असतो. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत यावरून पोलिश मंडळी आपल्या ग्रुपइतकीच तावातावाने भांडतात. एकजण म्हणतो, ती तुटकी कमानच खरं स्मारक आहे. दुसरीचं म्हणणं, ऐंशी वर्षं जखम उघडी ठेवायची हौस कशाला. मी गप्प सूप पिते. हा वाद मला पाठ आहे.

राहण्याचा प्रश्न वेगळा वाटतो, पण तोही शेवटी इथेच येतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रात किल्ल्यांवर हॉटेलं होणार म्हणून केवढा गदारोळ झाला होता. मग सरकारने खुलासा केला की संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नाही. पोलंडमध्ये ग्न्येफ आणि रिन इथल्या मध्ययुगीन किल्ल्यांत आज हॉटेलं आहेत, लग्नंही लागतात. पण क्राकूफच्या वावेल किल्ल्यात किंवा मालबोर्कच्या प्रचंड विटांच्या किल्ल्यात खोली भाड्याने मिळत नाही, ती संग्रहालयं आहेत. कुठला किल्ला कशासाठी, एवढं ठरलेलं असलं की निम्मं भांडण मिटतं. मला किल्ल्यातल्या हॉटेलची भीती वाटत नाही. भीती वाटते क्राकूफसारखं होण्याची.

क्राकूफला आम्ही काझिमिएश या जुन्या ज्यू वस्तीत उतरलो. मीच निवडलेली जागा, म्हणून दोष माझाच. शंभरेक वर्षांची इमारत, दाराला कोड, किल्ली एका लोखंडी डबीत, मालकाचं तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. लाकडी पायऱ्या मधोमध झिजून द्रोणासारख्या झालेल्या, मामींचे गुडघे प्रत्येक पायरीला बोलत होते. खोलीत कोपऱ्यात टाइल्सची जुनी शेगडी, छताइतकी उंच, आता नुसती शोभेची. मामांनी मान वर करून अंदाज केला, "साडेबारा फूट सहज." दुसऱ्या दिवशी सकाळी मामी भाजी आणायला म्हणून खाली उतरल्या आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्यांना थांबवलं. मला बोलावणं आलं. आजींचं म्हणणं, रात्री दहा ते सहा शांतता असते, तुमच्या बॅगांची चाकं अंगणातल्या दगडांवरून साडेअकराला वाजली. मी माफी मागितली. त्या जरा निवळल्या आणि बोटांवर मोजून दाखवू लागल्या: या इमारतीत चौदा फ्लॅट, माणसं राहतात पाचांत. बाकीचे तुमच्यासारखे. तुमच्यासारखे हा शब्द त्यांनी रागाने नाही उच्चारला, म्हणून जास्त लागला.

शहराने आपल्या परीने उपाय केलेत. जुन्या गावात पाट्या किती मोठ्या असाव्यात याला नियम आहेत, आणि २०२३ पासून मध्यरात्रीनंतर दुकानात दारू विकायला बंदी आहे. पण निघून गेलेलं बिऱ्हाड नियमाने परत येत नाही. १२५७ मध्ये आखलेला तो भव्य चौक, दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजवणारा अग्निशमन दलाचा जवान, मधेच तुटणारा तो सूर, सगळं जागेवर आहे. ऐकायला पाहुणे आहेत. ऐकून कंटाळलेला माणूस कमी होत चाललाय.

त्यामुळे आता कुणी विचारलं तर मी सांगते, क्राकूफला नदीपलीकडे पोद्गुझेला राहा, जिथे किल्ली हातात देणारं माणूस असेल तिथे. पादचारी पुलावरून पाच मिनिटांत अलीकडे येता. जेवायला दूधबारमध्ये जा. नाव फसवं आहे, तिथे साधं घरगुती जेवण मिळतं. बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेली पिएरोगी मामींनी 'उकडलेली करंजी' म्हणून पास केली, सोबत हिरवी मिरची मागून काउंटरवरच्या बाईंना बुचकळ्यात टाकलं. क्राकूफजवळच्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत सुमारे ८०० पायऱ्या आहेत हे आधी सांगून टाका. आणि वॉर्सात नदीच्या उजव्या काठाला प्रागा भागात राहा. युद्धातून बरंचसं वाचलेली जुनी घरं तिथे आहेत. मामांनी तिथल्या पोपडे उडालेल्या भिंतीवर टकटक केलं आणि समाधानाने म्हणाले, "ही ओरिजिनल." तिथे फोटो काढणारं कुणी नव्हतं, वाळत घातलेले कपडे होते.

पन्हाळ्याचं मला हेच वाटतं. तो किल्ला आहे आणि गावही आहे. शाळा, बाजार, बंगले, झुणका-भाकरीच्या गाड्या, सगळं तटाच्या आत. यादीत नाव जायच्या आधी तिथल्या रहिवाशांनी काळजी बोलून दाखवली, तेव्हा ग्रुपवर त्यांना अडाणी ठरवून लोक मोकळे झाले. आजींच्या जिन्यात उभे राहिले असते तर कदाचित बोलले नसते.

वॉर्सातलं शेवटचं ठिकाण मामांच्या यादीत पहिलं होतं: कोल्हापूरचं स्मारक. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेली, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्याची ही आठवण. मामा बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आम्ही गांधीनगरला लग्नाचा बस्ता बांधायला जातो ना, तीच जागा गं. हे गेले, सिंधी लोक आले. त्या बराकी कुणी मोजल्या नसतील." मामी म्हणाल्या, चला आता, गाडी चुकेल.

ते परत गेल्यावर तीन आठवड्यांनी फोटो आला. आलेखाचा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला आमच्या आजोळच्या घराचा जिना. भावांमध्ये ते घर बिल्डरला द्यायचं जवळजवळ ठरलंय, ठरलेलं मोडायचा मामांचा विचार नाही. पायऱ्या सतरा, एकीची उंची दुसरीला नाही, प्रत्येकीपुढे इंच लिहिलेले. खाली मेसेज: "मधल्या खोलीचा माळा राहिलाय, शिडी मिळाली की घेतो. तिकडच्या पोरांनी स्केल काय धरलेलं, विचार की कुणाला तरी."