इंग्रजी वाक्यं पिकवायची खान्देशी रीत

तुमचं इंग्रजी कच्चं आहे, असं तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असणारच. पुण्याच्या साडूने सांगितलं असेल, नाहीतर पोराच्या शाळेतल्या मॅडमनी. व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण 'सगळी वाक्यं एकाच मापाची वाटतात.' घाबरू नका. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, बाहेर 'इंग्रजी अर्ज लिहून मिळतील' अशी पाटी आहे आणि त्या पाटीखाली मी एकोणीस वर्षं बसलेलो आहे. वाक्यरचनेत विविधता कशी आणायची, हे आज तुम्हाला फुकट सांगतो. एरवी पानाला चाळीस रुपये घेतो.

आधी रोग बघू. मागे भुसावळचा एक पोरगा नोकरीचा अर्ज घेऊन आला. अकरा वाक्यं, आणि अकराही 'आय'ने सुरू. 'आय अ‍ॅम फ्रॉम भुसावळ. आय हॅव कम्प्लिटेड बी. ई. आय अ‍ॅम हार्डवर्किंग. आय अ‍ॅम ऑनेस्ट.' समासालगत नजर खाली नेली तर 'आय'ची सरळ उभी ओळ, ठिबकच्या नळीवर पाच-पाच फुटांवर लावलेल्या रोपांसारखी. खरं सांगायचं तर मला ते देखणं वाटलं. आपल्या भागात एकसारखेपणाला भाव आहे. निर्यातीच्या तेरा किलोच्या खोक्यात केळी भरताना एखादी फणी आखूड निघाली की ती बाजूला जाते. इंग्रजीवाल्यांचं मात्र उलटं. त्यांना एकाच खोक्यात केळीच्या सगळ्या प्रती हव्यात: नवती पाहिजे, पिलबाग पाहिजे, कांदेबाग पाहिजे, आणि चवीपुरती वापसीसुद्धा.

मी पोराला म्हटलं, अरे, अमळनेरला १९४५ साली खाद्यतेलाचा कारखाना म्हणून निघालेली विप्रो पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली. अख्ख्या कारखान्याला रचना बदलता येते, तुला एका वाक्याची येत नाही? पोरगा लाजला. मग त्याला पहिली युक्ती दिली, ती तुम्हीही घ्या.

वाक्याची सुरुवात 'आयएनजी'ने करायची. म्हणजे क्रियापदाला शेपूट लावून ते पुढे बसवायचं आणि मग स्वल्पविराम. लगेच वाक्य सुशिक्षित दिसतं. पोराने दुकानातच बसून लिहिलं: 'कम्प्लिटिंग इंजिनीअरिंग इन २०२२, माय मदर वॉज व्हेरी हॅपी.'

आता इथे एखादा किरकिऱ्या इंग्रजी मास्तर सांगेल, की अशा शेपटीच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसतो, स्वल्पविरामापलीकडे जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात तो पडतो. इथे आई भेटली. म्हणजे इंजिनीअरिंग आईने पूर्ण केलं आणि तिलाच आनंद झाला. मराठीत ही भानगड नाही. 'पाऊस पडून नदीला पूर आला' असं आपण बेधडक म्हणतो. पडला पाऊस, पूर आला नदीला, दोघांचं काही भांडण नाही. 'शिकून झाल्यावर आईला आनंद झाला' म्हटलं तरी कोण शिकलं हे ऐकणाऱ्याला कळतं, कारण ऐकणारा घरचाच असतो. इंग्रजीतला वाचक परका, त्याला घरातलं काय माहीत? पण तुम्ही मनावर घेऊ नका. चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला एका स्वल्पविरामाने पदवी मिळत असेल, तर ती अडवणारे आपण कोण?

याच युक्तीने मी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावासाठी अर्ज लिहिला होता. 'वॉकिंग थ्रू द बनाना फील्ड, अ लेपर्ड वॉज सीन.' केळीच्या बागेतून चालताना बिबट्या दिसला, असं म्हणायचं होतं. मास्तरांच्या हिशेबाने निघालं असं, की बागेतून चालत होता तो बिबट्याच. पण तोही चालतच होता ना! रचना चुकली तरी माहिती खरी ठरते, असा हा दुर्मीळ प्रकार. तुमच्या अर्जात बिबट्या नसेल तर जरा जपून.

दुसरी युक्ती जोडशब्दांची. 'मोरओव्हर', 'फर्दरमोर', 'हाउएव्हर' हे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि दर दोन वाक्यांनी एक टाका. आमच्याकडे शेवभाजीत शेव ताटात वाढताना टाकतात, आधीच टाकली की रश्शात लगदा होतो, हे घरातल्या कोणालाही विचारा. पण अर्ज म्हणजे काही भाजी नव्हे, इथे शेव आधीच ओता. भुसावळच्या पोराने ओतली: 'आय अ‍ॅम हार्डवर्किंग. हाउएव्हर, आय अ‍ॅम ऑनेस्ट.' मेहनती आहे, तरीपण प्रामाणिक आहे. वाचणाऱ्या साहेबाने मेहनती माणसांबद्दल काय समजायचं ते समजावं.

'नो सूनर'बद्दल फार बोलत नाही. नंदुरबारपासून मुक्ताईनगरपर्यंत बोर्डाच्या परीक्षेला बसलेल्या कोणालाही झोपेतून उठवा, तो 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन' इथवर म्हणून दाखवेल आणि पुन्हा झोपेल. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, पण या वाक्याला घंटेशिवाय दुसरं काम अजून मिळालेलं नाही. अर्धविरामही असाच, दिसला की लोक खुर्चीत सरळ बसतात. टाकत जा.

आता मोठी गोष्ट. मराठी वाक्याचं इंजिन शेवटी लागतं. 'मी काल सकाळी बसने जळगावला मामाच्या पोराच्या साखरपुड्याला' इथवर सगळे डबे उभे असतात, गाडी कुठे जाणार ते 'गेलो' आल्यावर कळतं, किंवा 'गेलोच नाही' आल्यावर. ऐकणारा मान वर करून थांबतो. इंग्रजीत इंजिन दुसऱ्याच नंबरला. कर्ता आला की क्रियापद, माल मागून. आपली माणसं इंग्रजी लिहायला बसली की सवयीने आधी सगळे डबे लावतात आणि इंजिन आणायला विसरतात. मग गाडी भुसावळ यार्डात उभी राहते, खंडव्याकडे नाही आणि नागपूरकडेही नाही. यावर माझा सल्ला असा, की यार्ड मोठं आहे, उभी राहू द्या.

आणखी एक. मराठीत शब्द कुठेही बसवा, प्रत्यय त्याला धरून ठेवतो. 'वाऱ्याने बाग पाडली' म्हणा, 'बाग वाऱ्याने पाडली' म्हणा, 'पाडली बाग वाऱ्याने' म्हणून कपाळावर हात मारा, पाडणारा वाराच. इंग्रजीत हे शब्द नुसते हलवले की 'द प्लांटेशन डिस्ट्रॉइड द विंड' होतं, म्हणजे बागेनेच वारा लोळवला. असला अर्ज विमा कंपनीला गेला तर उलट तीच वाऱ्याची भरपाई मागेल. बाग पुढे आणायची असेल तर इंग्रजीत अख्खं वाक्यच फिरवावं लागतं: 'द प्लांटेशन वॉज डिस्ट्रॉइड बाय द विंड.' यालाच कर्मणी म्हणतात, आणि या कर्मणीतच माझं एकोणीस वर्षांचं पुण्य खर्ची पडलं. ते सांगतो.

जूनच्या सुरुवातीला रावेरकडचे एक आप्पा दुकानात आले. दोन एकर, साडेतीन हजार खोडं, सगळी आडवी. विमा कंपनीने नुकसान कसं झालं ते इंग्रजीत लिहून मागितलं होतं. मी स्टूल दिलं, पाणी दिलं, म्हटलं सांगा.

"चार दिवसांवर कापणी व्हती भो. व्यापारी बाग पाहून गेल्ता. दुपारी आभाय भरलं, वारं सुटलं. अर्धा तास. मंग मी बांधावर गेलो." इथे आप्पा थांबले. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरलेला. "बांधावरून मारोतीचं मंदिर दिसलं. दहा वरीसात कधी दिसेल नव्हतं."

तुम्हीच बघा, किती अडाणी रचना. एक वाक्य दोनच शब्दांचं. मोरओव्हर नाही, फर्दरमोर नाही, एकाही वाक्याला शेपूट नाही. नुकसान झालं, असं तर सबंध सांगण्यात कुठे म्हटलेलंच नाही. मी हे असं कंपनीला धाडलं असतं तर पाटी उतरवावी लागली असती. म्हणून मी संस्कार केले. कापणीचे चार दिवस काढले, कारण ती भावना झाली. मंदिर काढलं, विम्याच्या कागदात देव कशाला? 'अर्धा तास' या उघड्या पडलेल्या तुकड्याला दोन विशेषणांचं धोतर नेसवलं. आणि वजनदार कर्मणी लिहिली: 'इट इज हिअरबाय सबमिटेड दॅट सीव्हिअर अँड एक्स्टेन्सिव्ह डॅमेज वॉज सस्टेन्ड; मोरओव्हर, द सेड प्लांटेशन वॉज रेंडर्ड अनफिट.' अर्धविरामही आला. आप्पांना वाचून दाखवलं. त्यांना शब्द कळला नाही, पण त्यांनी मान हलवली. "भारी वाटतं," म्हणाले. चाळीसच्या जागी मी तीसच घेतले.

सोळा दिवसांनी कंपनीचा कागद आला. 'कॉज ऑफ लॉस नॉट स्टेटेड.' नुकसानीचं कारण नमूद नाही.

मी माझा अर्ज चार वेळा वाचला. खरंच, त्यात वारा नव्हता. बाग पाडली गेली होती, पण पाडणारा कोणी नव्हता. 'बाय द विंड' हे तीन शब्द मीच खोडले होते, वाक्याची लय बिघडते म्हणून. कर्मणीचा हाच तर मोठेपणा आहे. कर्ता गाळायची सोय अशी, की गाळणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. कचेऱ्या या रचनेवर का जीव टाकतात ते त्या दिवशी कळलं. 'असे निदर्शनास आले आहे', 'कार्यवाही करण्यात येईल'. कोणाच्या निदर्शनास? कोण करणार? असलं विचारणाऱ्याला रचनेची गोडी नाही, एवढंच समजा.

दुसरा अर्ज लिहिला. या वेळी घाबरून साधाच लिहिला: 'द विंड केम ॲट फोर. इट लास्टेड हाफ ॲन अवर. ऑल द प्लांट्स फेल.' कोणी विचारलं तर हा माझा नाही म्हणून सांगेन. मंदिराचं वाक्यही शेवटी टाकलं, आप्पा समोर बसले होते म्हणून. पंचनाम्याची प्रत जोडली, फोटो जोडले. पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून कंपनीची तीन पत्रं आली आहेत. खरी विविधता शिकायची असेल तर माझ्याकडे येऊ नका, ती पत्रं बघा. पहिलं, 'युवर क्लेम इज अंडर प्रोसेस. काइंडली को-ऑपरेट.' दुसरं, 'काइंडली नोट दॅट युवर क्लेम इज अंडर प्रोसेस.' तिसरं गेल्या सोमवारी आलं. आप्पा ते पिशवीतून, पासबुकात घडी घालून घेऊन आले. मी उघडलं, वाचलं.

"काय लिहेल आहे?" आप्पांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मांगल्या कागदात बी हेच लिहेल व्हतं ना भो?"

"नाही आप्पा," मी म्हटलं. "मागच्यात 'काइंडली' आधी होतं. या वेळी 'बीइंग अंडर प्रोसेस'ने सुरुवात केली आहे."