नव्वद दिवस उलटले म्हणजे सगळं संपलं असं नाही

'समन्स बजावल्यापासून नव्वद दिवस गेले की प्रतिवादीची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) घेतच नाहीत' असं एका लेखात म्हटलं आहे; ते साध्या दिवाणी दाव्याला लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू खटल्यात ही मुदत बंधनकारक नसून निर्देशात्मक, म्हणजे योग्य कारण असेल तर न्यायालयाला वाढवता येणारी, ठरवली. मात्र सवलत अपवादानेच. ताठर मुदत आहे ती व्यापारी दाव्यांना: समन्स बजावल्यापासून 120 दिवस, मग हक्कच जातो. वकीलपत्र उशिरा दिलं म्हणून दिवस उशिरा सुरू होत नाहीत.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात असो वा तालुक्याला, 'नो डब्ल्यूएस' (कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा) आदेश झाल्यावर नुसता 'मुदत मिळावी' अर्ज देऊन भागत नाही. आदेश रद्द करण्याचा अर्ज, शपथपत्र आणि तयार कैफियत एकत्रच द्यावी. 'पक्षकार आजारी होता' एवढं मोघम कारण टिकत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते लिहा, दवाखान्याचे कागद जोडा. अर्ज मंजूर झाला तर बहुधा कॉस्ट (उशिराबद्दल भरायची रक्कम) बसते, ती वेळेत भरा. कागदपत्रांचं वेगळं: कैफियतीसोबत यादीने न दिलेला सातबारा किंवा पावती नंतर पुराव्यात आणायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 1अ(3) खाली न्यायालयाची परवानगी लागते. नाकारली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करण्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून त्याचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे.