सीना फसला म्हणून होगन चुकत नाही

डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत निकाल आधी लिहिलेला असतो, आणि कोण हीरो, कोण व्हिलन हेही. तिथल्या जॉन सीनाचा शेवटचा सामना झाल्यापासून एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा मावसभाऊ, ज्याने २००८ नंतर एकही सामना पाहिलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘हीरोला कधीच व्हिलन करू नये. एक, लहान मुलांचा विश्वास तुटतो. दोन, टी-शर्टांचा धंदा बसतो. तीन, ऑस्टिनने २००१ मध्ये हे केलं आणि स्वतःच पस्तावला. चार, सीनाने २०२५ मध्ये केलं आणि पाच महिन्यांत गाशा गुंडाळला. पाच, होगनचं जमलं, पण तो अपवाद. म्हणून आता कोडी ऱ्होड्सला कुणी हात लावू नका.’ (कोडी म्हणजे सीनानंतरचा मोठा हीरो.) खाली जोडलेले दोन हात.

सगळ्यात मोठी गफलत पाचव्या मुद्द्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

७ जुलै १९९६. फ्लोरिडातलं डेटोना बीच. डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रिंगमध्ये एका बाजूला स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश, म्हणजे दुसऱ्या कंपनीतून घुसलेले दोघे. त्यांचा तिसरा गडी कोण, हे गुपित. समोर स्टिंग, लेक्स लुगर आणि रँडी सॅव्हेज. लुगरला सुरुवातीलाच मार लागून बाहेर न्यावं लागतं. शेवटी सगळे आडवे पडलेले असताना पिवळ्या-लाल कपड्यांतला हल्क होगन चालत येतो. लोक उठून उभे राहतात, कारण बारा वर्षं हा माणूस अशाच वेळी धावून आलेला. तो रिंगमध्ये चढतो, अंगातला बनियन टराटरा फाडतो, आणि खाली पडलेल्या सॅव्हेजच्या गळ्यावर पाय टाकून कोसळतो.

त्यानंतर जे झालं ते मी पुष्कळ वर्षांनी व्हिडिओवर पाहिलं, पण अजूनही तो भाग मागे घेऊन घेऊन पाहतो. पेले, बाटल्या, हातात येईल ते रिंगमध्ये पडायला लागतं. एक प्रेक्षक कठडा ओलांडून थेट रिंगमध्ये घुसतो आणि हॉल-नॅशच्या लाथा खातो. मुलाखतकार जीन ओकरलंड माइक घेऊन प्रश्न विचारतोय आणि आजूबाजूला कचऱ्याचा पाऊस पडतोय. होगन मात्र शांत. म्हणतो, हा कचरा म्हणजेच हे समोरचे लोक.

मजकूर लिहिणारा म्हणतो, हा अपवाद. बरं, मोजू या. होगन १९९६. ब्रेट हार्ट १९९७, ज्याच्या पालटण्यातूनच त्याच रात्री ऑस्टिन हीरो झाला. द रॉक, नोव्हेंबर १९९८, चॅम्पियनचा पट्टा हातात येताच कंपनीचा मालक मॅकमहॉन याच्या कुशीत. रोमन रेन्स २०२०. या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी चार जण जर अपवाद, तर नियम कुणाचा? दुय्यम पैलवानांचा?

होगनबद्दल आणखी एक गोष्ट या मजकुरात नाही. १९९४ साली तो डब्ल्यूसीडब्ल्यूत आला तेव्हाच तिथल्या जुन्या प्रेक्षकांना तो पुरेसा झाला होता. प्रार्थना करा, व्हिटॅमिनं खा, हा उपदेश ऐकून लोक कंटाळले होते, काही ठिकाणी तर हुर्यो उडत होती. म्हणजे प्रेक्षकांच्या मनात जे आधीच कुजबुजत होतं, ते होगनने त्या रात्री मोठ्याने म्हटलं. त्यांना वाटत होतं, हा स्वतःवरच खूष आहे. तो म्हणाला, हो, आहेच.

पण ज्याचं उत्तर मजकुराला द्यावंच लागेल तो माणूस म्हणजे रोमन रेन्स. जानेवारी २०१५, फिलाडेल्फिया. रेन्सने रॉयल रंबल ही तीस जणांची लढत जिंकली. लोक चिडलेत हे दिसल्यावर खुद्द द रॉकने येऊन त्याचा हात उंचावला, तरी लोक थांबेनात. रॉकच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहण्यासारखा आहे. पुढे २०१७ मध्ये रेन्सने रेसलमेनियात, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात, अंडरटेकरला हरवलं. दुसऱ्या रात्री तो नुसता माइक धरून उभा, आणि लोक काही मिनिटं त्याला तोंड उघडू देत नाहीत. कंपनी वर्षानुवर्षं हीरो वाढत होती आणि लोक ताट सरकवत होते. मध्ये ल्युकेमियामुळे त्याने खेळ थांबवला तेव्हा सगळे हळवे झाले, हे खरं. पण सहानुभूतीवर राज्य चालत नाही.

ऑगस्ट २०२०. कोरोनाचे दिवस, समोर माणसांऐवजी पडदे. रेन्स परतला तो मॅनेजर पॉल हेमनला बाजूला घेऊन. आवाज खाली आला, चाल संथ झाली, अंगावरचं चिलखत गेलं. दोन महिन्यांनी हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या लढतीत त्याचा सामना स्वतःच्या नात्यातल्या भावाशी, जे उसोशी. अट अशी की एकाने ‘मी हरलो’ म्हणेपर्यंत सामना चालणार. जे काही केल्या म्हणेना. तेव्हा त्याचा जुळा भाऊ जिमी पिंजऱ्यात शिरून त्याच्या अंगावर आडवा पडतो. रेन्स बाजूला बसून रडायला लागतो. खरे अश्रू वाटावेत असे. मी कसा झालोय, काय करतोय, असं पुटपुटतो. जिमी त्याचा हात हातात घेतो. आणि रेन्स त्याच हाताने त्याला ओढून गळा आवळतो. भावाचा जीव वाचावा म्हणून जे ‘हरलो’ म्हणतो.

इतका नीच क्षण मी टीव्हीवरच्या कुठल्याही कौटुंबिक मालिकेत पाहिलेला नाही, आणि आमच्या घरी त्या मालिका रोज संध्याकाळी लागतात. यातलं काहीही हीरो रेन्सकडून होऊ शकलं नसतं. चॅम्पियनचा पट्टा त्याच्याकडे १,३१६ दिवस राहिला. २०२४ साली कोडी ऱ्होड्सने तो काढून घेतला तेव्हा स्टेडियममध्ये मोठी माणसं रडत होती. ज्या जेने भावासाठी ‘हरलो’ म्हटलं होतं, तो पुढे २०२५ च्या रेसलमेनियात स्वतः वर्ल्ड चॅम्पियन झाला. सामी झेन या पैलवानाला मॉन्ट्रियलमध्ये जो मान मिळाला, तोही रेन्सच्या विरोधात उभा राहूनच. एका खलनायकाच्या सावलीत तीन हीरो वाढले. हिशेब मांडायचा तर असा मांडा.

ऑस्टिनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलंच जास्त फसवतं. ऑस्टिनने पुढे स्वतः सांगितलंय की तो निर्णय चुकला. मान्य. पण काय चुकलं ते पाहा. १ एप्रिल २००१, ह्यूस्टन, टेक्सस. ऑस्टिन टेक्ससचा. साठ हजारांहून जास्त लोक घरच्या पोराला पाहायला आलेले. तो खुर्चीने रॉकला बदडतो, आपला जन्माचा वैरी मॅकमहॉन याच्याशी हात मिळवतो, आणि लोक टाळ्या वाजवतात! वाजवणारच. गावच्या जत्रेत गावच्याच पैलवानाने डोळ्यांत माती फेकली तरी गाव त्याच्याच बाजूने ओरडणार. वर रॉक सिनेमाच्या शूटिंगला निघून गेला. ट्रिपल एच हा समोरचा गडी होऊ शकला असता, त्याला ऑस्टिनच्याच जोडीला दिलं, आणि मे महिन्यात त्याच्या मांडीचा स्नायू फाटला. आता मारायचं कुणाला? खलनायक होता, बळी नव्हता. ही चूक जागेची आणि माणसांची.

आणि ‘वाया गेलेल्या’ त्या वर्षात तोच ऑस्टिन मॅकमहॉनला गिटारवर गाणी ऐकवत होता. आजही कुणी रिंगमध्ये वाक्य संपवलं की लोक जे ‘व्हॉट?’ ओरडतात, ते त्याच वर्षी सुरू झालं. त्याबद्दल मी ऑस्टिनला माफ केलेलं नाही, पण अपयशी गोष्टींचं असलं पंचवीस वर्षांचं आयुष्य नसतं.

आता सीना. इथे मी मजकूर लिहिणाऱ्याइतकाच नाराज आहे, कदाचित जास्त. कारण सुरुवात अप्रतिम होती. १ मार्च २०२५, टोरांटो. रॉकने कोडीकडे त्याचा आत्मा मागितलाय, कोडीने त्याला शिवी हासडून नकार दिलाय. सीना कोडीला मिठी मारतो. कॅमेरा सीनाच्या चेहऱ्यावर. कोडीच्या खांद्यावरून तो रॉककडे पाहतोय आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं जातंय. रॉक गळ्यावरून अंगठा फिरवतो. पुढे लाथ, मग कोडीचंच घड्याळ मुठीत धरून त्याच्या तोंडावर ठोसे. मी सकाळचा चहा तसाच ठेवून उभा राहिलो होतो.

मग काय झालं? ज्याच्यासाठी आत्मा विकला, तो रॉक रेसलमेनियाला आलाच नाही. सतरावा पट्टा मिळवताना मदतीला कोण, तर ट्रॅव्हिस स्कॉट, गायक. सौदा कशासाठी होता, सीनाला त्यातून काय हवं होतं, हे कुणी सांगितलं नाही. ब्रसेल्समध्ये सीना प्रेक्षकांना म्हणाला, पंचवीस वर्षं तुम्ही मला वापरलंत, माझी टिंगल केलीत. हे सोन्यासारखं कारण होतं! २००६ साली न्यूयॉर्कच्या हॅमरस्टाइन बॉलरूममध्ये ‘सीना जिंकला तर दंगल करू’ असा फलक घेऊन उभे राहिलेले लोक आठवा. ‘लेट्स गो सीना, सीना सक्स’ ही जुगलबंदी तर त्याने वीस वर्षं ऐकली. एवढा साठलेला राग हाताशी असताना तो रागही अर्ध्यावर सोडला.

मुख्य म्हणजे तो निरोपाचा दौरा होता. कंपनीने वर्षभरात छत्तीसेक तारखा जाहीर केल्या होत्या. प्रत्येक गावात लोक तिकीट काढून आले ते शेवटचं भेटायला. निरोप द्यायला आलेला पाहुणा यजमानाला शिव्या कशा देणार? तुम्ही एकाच ताटात श्राद्धाची खीर आणि लग्नाचे लाडू वाढलेत, आणि जेवणारा बावचळला तर म्हणता लाडूच वाईट. ऑगस्टमधल्या समरस्लॅम या कार्यक्रमाच्या तोंडावर सीना पुन्हा भला झाला, कोडीकडून रीतसर हरला, विषय संपला. यातून कुणी वर आलं का? कोडी आधीच चॅम्पियन होता, तो पुन्हा चॅम्पियन झाला. रेन्सशी तुलना करून पाहा.

मुलांचा मुद्दा मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण सीनाने मेक-अ-विश या संस्थेसाठी साडेसहाशेहून जास्त आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या केल्या आहेत, आणि ते नाटक नव्हतं. पण पोरं वाटतात तेवढी भाबडी नसतात. आम्ही शाळेत या पैलवानांची ट्रम्प कार्डं खेळायचो, उंची, वजन, छाती, दंड. अंडरटेकरचा पत्ता मिळावा म्हणून भांडणं व्हायची, आणि तो तर लोकांना शवपेटीत कोंबायचा. माझ्या आजीने पडद्यावरच्या निळू फुल्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि ते गेले तेव्हा ‘देवमाणूस गेला’ म्हणून हळहळलीही तीच. यावर कुणी म्हणेल, सिनेमात भूमिका दर वेळी बदलते, इथे एकच माणूस वीस वर्षं तोच असतो. अगदी बरोबर, म्हणून तर तो उलटला की लागतं. न लागणारी गोष्ट पाहायला कोण बसेल?

मजकुराखाली एकाने ‘खासबागेत असं चालेल का?’ अशी पुरवणी जोडली आहे. नाही चालणार. खासबागेत लोक निकाल बघायला जातात, इथे निकाल आधी लिहिलेला असतो. तांबड्या मातीचा न्याय इथे लावू नये आणि इथला तिथेही.

टी-शर्टांबद्दल एवढंच, की त्या कचऱ्याच्या पावसानंतर एनडब्ल्यूओच्या, म्हणजे होगन-हॉल-नॅशच्या टोळीच्या, काळ्या-पांढऱ्या टी-शर्टवर दुनिया तुटून पडली. डब्ल्यूसीडब्ल्यूने त्या उन्हाळ्यापासून एप्रिल १९९८ पर्यंत सलग ८३ आठवडे मॅकमहॉनला टीव्हीवर मागे टाकलं.

राहिला कोडी. त्याला आत्ता हात लावू नये, हे मलाही पटतं. रिकी स्टीमबोट हा जुना पैलवान पूर्ण कारकिर्दीत एकदाही खलनायक झाला नाही आणि काही बिघडलं नाही, कारण लोक त्याच्यावर कधी वैतागलेच नाहीत. कोडीवर लोक वैतागले की पाहू. काही शहरांत सुरुवात झालीय असं मला वाटतं, पण मी घाई करणार नाही.

मावसभावाला मी हे सगळं लिहून पाठवलं नाही. फक्त हेल इन अ सेलमधला तो तीन मिनिटांचा तुकडा पाठवला. रात्री साडेअकराला त्याचं उत्तर आलं: ‘अरे, मग त्या जिमीचं पुढे काय झालं?’