सागवानी कपाटाच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की पुण्याच्या जुन्या बाजारात ४,००० ला मिळणारं कपाट आम्ही ‘अँटिक’ म्हणून १९,००० ला गळ्यात मारलं, त्याची पाठ प्लायची निघाली, वरच्या फळीवर कपाचा पांढरा डाग पडला आणि जुलैपासून खालचा खण उघडत नाही. शिवाय, ‘एवढं तर आम्ही घरी घासून केलं असतं’. तुमचा रिव्ह्यू वाचून बाकीची गिऱ्हाइकंही विचारायला लागली आहेत, म्हणून उत्तर इथेच देतो.

बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात आम्हीही जातो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पेठांमधला वाडा पाडायला घेतला की तिथलं सामानही उचलतो. पण ४,००० चं कपाट म्हणजे ऑइलपेंटचे थरावर थर चढलेला, एका पायाने लंगडा सांगाडा. आत सागवान आहे की देवदार, ते वरून कळत नाही. कपाट आडवं पाडायचं, तळाच्या कडेला पटाशी लावून एक सालपट काढायचं आणि नाकाशी धरायचं. सागवानाला तेलकट, चामड्यासारखा वास येतो. पुष्कळदा चौकट सागवानी निघते आणि फळ्या देवदारी, मग पैसे गेले. विकणाऱ्याचं ऐकलंत तर तिथलं अर्धं सामान पेशव्यांच्या वापरातलं असतं आणि उरलेलं पानशेतच्या पुरातून वाचलेलं. आम्ही असलं काही बिलावर लिहीत नाही. ‘अँटिक’ही लिहिलेलं नाही. १९७२ च्या कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरायला किमान १०० वर्षांची असावी लागते. तुमचं कपाट तेवढं म्हातारं नाही.

पाठीचं म्हणाल तर बिल काढून बघा: ‘चौकट, दारं, खण जुनं सागवान, पाठ नवीन प्लाय’. जुनी पाठ वाळवीने खाल्लेली होती.

आता घरी घासण्याबद्दल, कारण हे वाचून कोणीतरी खरंच पॉलिश पेपर घेऊन बसेल. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या डब्यांचं कोण सांगणार? कोरडं घासलं की ती धूळ घरभर होते, आणि लहान मुलांना ती सगळ्यात वाईट. आम्ही रिमूव्हर लावून रंग फुगवतो आणि पत्रीने खरवडतो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवलं तर काम झटपट आणि स्वस्तात होतं, पण लाकूड काळवंडतं आणि सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात. किमतीतला मोठा हिस्सा या खरवडण्याचा आहे, कोपऱ्यांतल्या नक्षीत तर बोटं सोलवटतात.

डाग. तुम्हाला दोन पॉलिशं दाखवली होती, त्यातलं लाखेचं तुम्ही निवडलंत, आणि निवड चांगली होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने थरावर थर चढवतात. तिला गरम कप, पाणी आणि सॅनिटायझर सोसत नाही, हे बिलामागच्या सूचनांत आहे. तो पांढरेपणा लाकडात नाही, वरच्या थरात अडकलेल्या ओलाव्याचा आहे. सुती कापडात कापूस गुंडाळून, स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला की बहुतेक वेळा जातो. दुसरं, म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) असतं तर डाग सहसा पडला नसता, पण एकदा खराब झालं की सगळं उतरवावं लागतं. घरी प्रयोग करू नका, स्पिरिट जास्त झालं तर पॉलिशच उतरेल. आमचा माणूस येऊन करून देईल, पैसे नाहीत.

खणाचं मात्र मी ऐकणार नाही. ‘माणूस पाठवून रंधा मारा’ असं तुम्ही फोनवरही म्हणालात. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं आणि रेषांना आडवं फुगतं. लांबीला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून खणाच्या बाजूच्या पट्ट्या उंचीला वाढून वरच्या चौकटीला घासतात. आत्ता रंधा मारला तर डिसेंबरात तोच खण खुळखुळेल आणि तेव्हा तुम्ही दिलेला हा एक स्टारही काढून घ्याल. सध्या खण हळूच डावी-उजवीकडे हलवत बाहेर काढा आणि घासतंय त्या कडांवर साधी मेणबत्ती चोळा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवलं असेल तर चार बोटं पुढे ओढा. दिवाळीनंतरही अडकला तर रंधा आम्हीच मारू.

आणि तरीही कपाट नकोच असेल तर बिल दाखवा, पूर्ण पैसे परत देतो. टेम्पोचं भाडं मात्र तुमच्याकडे.