ती निरोपाची चिठ्ठी नव्हती

रशियन संगीतकार चायकोव्हस्कीबद्दलचा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. म्हणणं असं: 1893 मध्ये त्याने मरायचं ठरवलं, सहावी सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) निरोपाची चिठ्ठी म्हणून लिहिली, पीटर्सबर्गच्या श्रोत्यांनी ती नाकारली आणि नऊ दिवसांनी त्याने जाणूनबुजून न उकळलेलं पाणी पिऊन जीव दिला. या सिम्फनीवर माझा फार जीव आहे, म्हणून हे एकदा नीट तपासू या.

आधी ती 'चिठ्ठी'. सिम्फनी त्याने फेब्रुवारीत लिहायला घेतली. त्याच महिन्यात भाच्याला, व्लादिमीर दाविदोव्हला, त्याने कळवलं की मनात रचताना आपल्याला कितीदा तरी रडू आलं, पहिला भाग चार दिवसांच्या आत तयार झाला आणि शेवट दणदणीत नसेल, संथ असेल. शिवाय आपले दिवस अजून सरलेले नाहीत, आपल्या हातून अजून काम होतं, याचा केवढा आनंद आहे, हेही त्याच पत्रात आहे. ज्या संथ शेवटात लोक आत्महत्या वाचतात, तो मृत्यूच्या आठ महिन्यांहून अधिक आधी, काम जोरात चाललेलं असताना ठरला होता. पुढे त्या वसंतात त्याने पियानोच्या अठरा रचना आणि सहा गाणी लिहिली, जूनमध्ये केंब्रिजला जाऊन मानद डॉक्टरेट घेतली.

मृत्यू या संगीतात आहे, ते नाकारायचं कारण नाही. पहिल्या भागात ऑर्थोडॉक्स चर्चमधली मृतांसाठीची प्रार्थना ऐकू येते. पण मृत्यूवर लिहिणं वेगळं आणि मरायला निघणं वेगळं. शेवटच्या भागाची सुरुवातच घ्या. कानाला एक सलग उतरती धून ऐकू येते, पण ती एकाही व्हायोलिनवादकाच्या कागदावर नाही! एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, अशी आलटूनपालटून ती विणलेली आहे. दोन्ही गट वाजू लागले की धून जुळते. दुसरा भाग पाच मात्रांचा, दोन-तीन असा तुटणारा. झपताल ऐकत वाढलेल्या कानाला त्याची चाल परकी वाटत नाही. हे सगळं बसवताना तो कामात किती बुडालेला असेल, ते स्वरलेखन उघडलं की दिसतं.

आता पाणी. पीटर्सबर्गात तेव्हा कॉलराची साथ होती. भाऊ मोदेस्तने सांगितलं की गुरुवारी (2 नोव्हेंबर) जेवताना त्याने न उकळलेलं पाणी प्यायलं. पण पोट तर आदल्या रात्रीच बिघडलं होतं. इतरांच्या आठवणींत तो पेला बुधवारी रात्री उपाहारगृहात येतो. एका पेल्याच्या अशा डळमळीत गोष्टीवरून हेतू कसा सिद्ध करणार? शिवाय चार डॉक्टर त्याच्यावर उपचार करत होते.

जुन्या सहाध्यायांनी 'न्यायसभा' भरवून त्याला मरणाची शिक्षा दिली, ही पुरवणी 1979 च्या सुमारास संगीत-अभ्यासक अलेक्सांद्रा ओर्लोव्हाने छापली, तीही अनेक तोंडांतून आलेली ऐकीव गोष्ट. त्या काळचा एकही कागद तिच्या बाजूने नाही.

राहिली श्रोत्यांची गोष्ट. 28 ऑक्टोबरला सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगाचं त्याने स्वतः संचालन केलं. दोन दिवसांनी प्रकाशक युर्गेन्सनला त्याने लिहिलं: या सिम्फनीचं काहीतरी विचित्र होतंय, ती आवडली नाही असं नाही, पण लोक जरा गोंधळले, मला मात्र माझ्या इतर कुठल्याही रचनेपेक्षा हिचा जास्त अभिमान वाटतो. मुखपृष्ठावर भाच्याला अर्पण केल्याची ओळ घालायला अजून उशीर झाला नसेल ना, अशी चिंताही त्यात आहे. बाकीचं लवकरच बोलू, शनिवारी मी मॉस्कोत आहे, असं त्याने कळवलं. तो शनिवार 4 नोव्हेंबरचा. बुधवारच्या रात्रीच तो आजारी पडला.